स्पर्शाचा परवाना : भौतिकोपचार व्यवसायातील गैरवर्तन आणि शिस्त

वैद्यकीय क्षेत्रात रुग्णाच्या शरीराला सर्वांत अधिक वेळ कोणाचा हात लागतो, असा प्रश्न विचारला तर उत्तर शल्यचिकित्सक असे नाही, बालरोगतज्ज्ञ असेही नाही. ते उत्तर आहे भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजेच आपल्या बोलण्यातले फिजिओथेरपिस्ट. आपण रुग्णाला दहा मिनिटे तपासतो आणि औषधाची चिठ्ठी देतो. फिजिओथेरपिस्ट मात्र तासभर, आठवड्यातून चार दिवस आणि सेरेब्रल पाल्सीसारख्या विकारात वर्षानुवर्षे, त्याच शरीराला हात लावून काम करीत असतो. मूल अबोल असेल, त्याला वेदना सांगता येत नसेल, आई-वडिलांना दाराबाहेर थांबायला सांगितले असेल, तर त्या खोलीत काय घडते हे केवळ दोघांनाच ठाऊक असते आणि त्यांपैकी एकाला बोलता येत नाही. म्हणूनच या व्यवसायाच्या शिस्तीचा विषय केवळ त्या व्यवसायाचा राहत नाही. तो रुग्ण पाठविणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचा आणि रुग्ण घेऊन जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा होतो.

आपल्या महाराणा प्रताप नगरात, झोन १ व झोन २ मध्ये, शिकवणी वर्गांच्या पाट्यांइतक्याच दाटीने दवाखान्यांच्या आणि उपचार केंद्रांच्याही पाट्या दिसतात. त्यांत उत्तम शिक्षण घेतलेले, निष्ठेने काम करणारे फिजिओथेरपिस्ट पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयीचा आदर मनात ठेवूनच हा लेख लिहिला आहे. शिस्तीचा अभाव असला की सर्वांत मोठे नुकसान प्रामाणिक व्यावसायिकाचेच होते, कारण त्याची पाटी आणि भोंदूची पाटी सामान्य माणसाला एकसारखीच दिसते.

शिस्तीतून जन्मलेला व्यवसाय

भौतिकोपचाराचा आधुनिक इतिहास शिस्तीच्या प्रश्नापासूनच सुरू होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये १८९४ च्या सुमारास मर्दनगृहांच्या नावाखाली अनैतिक धंदे चालतात अशी ओरड झाली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्या वर्षी या प्रकाराविरुद्ध जाहीर इशारा दिला. त्या बदनामीत खऱ्या प्रशिक्षित मर्दनतज्ज्ञ स्त्रियाही भरडल्या जाऊ लागल्या. तेव्हा ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चौघींनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दनतज्ज्ञांची संस्था स्थापन केली आणि आचारनियम ठरविले. वैद्यकीय सूचनेशिवाय उपचार करायचे नाहीत, सामान्य वृत्तपत्रांत जाहिरात करायची नाही, रुग्णाला औषधे विकायची नाहीत, असे ते नियम होते. १९२० साली या संस्थेला राजसनद मिळाली आणि तिच्यातूनच पुढे ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची सनदी संस्था उभी राहिली.

या इतिहासात आपल्यासाठी एक बोध आहे. त्या चौघींनी ‘आम्ही तशा नाही’ असे सांगत बसण्यापेक्षा ‘आम्ही कोणत्या नियमांनी बांधलेल्या आहोत’ हे जगाला दाखविले. व्यवसायाची प्रतिष्ठा बिरुदाने येत नाही, स्वीकारलेल्या बंधनाने येते.

आपल्याकडे या विद्येचे संगोपन मुंबईत झाले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. त्यानंतर थोड्याच काळात त्याच परिसरात भौतिकोपचाराचेही शिक्षण सुरू झाले. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांची निकड त्यामागे होती. १९५५ मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि हाजी अली येथील भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही त्याच वर्षीची. म्हणजे भारतातील हा व्यवसाय लहान मुलांच्या पायांवर उभा राहिला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. परंतु सेरेब्रल पाल्सी, मेनिंगोमायलोसील, स्नायुक्षय यांची मुले आजही रोज या केंद्रांत जातात. आपल्या भोपाळमध्ये तर वायुपीडित आणि दूषित पाण्याची झळ लागलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी चिंगारी ट्रस्टचे पुनर्वसन केंद्र विनामूल्य भौतिकोपचार देते. या विद्येचे मोल भोपाळकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

कायद्याची चौकट

डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा जुना आहे. फिजिओथेरपिस्टांच्या बाबतीत मात्र देशव्यापी कायदा येण्यास फार विलंब झाला. दिल्लीने १९९७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्यासाठी राज्य परिषदेचा कायदा २००२ च्या नावाने केला. तो २००४ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २ म्हणून ओळखला जातो. नोंदवही ठेवणे, पात्रता ठरविणे आणि गैरवर्तनाची चौकशी करणे ही अशा परिषदेची प्रमुख कामे होत. मध्यप्रदेशात सह-चिकित्सीय परिषदेचा अधिनियम २००० सालचा आहे आणि फिजिओथेरपीची नोंदणी या परिषदेकडे होत आली आहे.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. या कायद्यात भौतिकोपचार हा स्वतंत्र व्यवसायवर्ग मानला आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून मान्यता मिळण्यासाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले आहे. प्रत्येक राज्यात परिषद आणि तिच्या अंतर्गत चार मंडळे असावीत, अशी रचना आहे. त्यांपैकी एक मंडळ नीतिमत्ता व नोंदणीचे आहे आणि आपल्या विषयाचे केंद्र तेच. कायदा झाला तरी राज्ये ढिली राहिली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांत अंमलबजावणी करा असे सांगावे लागले. जुन्या परिषदांकडून नव्या व्यवस्थेकडे जाण्याच्या या काळात ‘तक्रार कोणाकडे करायची’ हा प्रश्न रुग्णाला पडतो. त्याचे उत्तर सोपे ठेवावे : ज्या परिषदेने नोंदणी क्रमांक दिला, तिच्याकडे.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. वाक्-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक इत्यादींची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. एकाच केंद्रात वाणी, वर्तन आणि भौतिकोपचार असे सर्वच चालत असेल, तर प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक वेगळ्या संस्थेचा असू शकतो. ‘आमचे केंद्र नोंदणीकृत आहे’ या एका वाक्यावर पालकांनी समाधान मानू नये. केंद्राची नोंदणी वेगळी आणि उपचार करणाऱ्या व्यक्तीची नोंदणी वेगळी.

‘डॉक्टर’ या उपाधीचा वादही ओघाने येतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ही उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. या वादात आपल्या संघटनांनी पुष्कळ शक्ती खर्च केली आहे. माझे मत असे, की रुग्णाच्या दृष्टीने उपाधीपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पाटीवर पदवी स्पष्ट लिहिलेली असावी आणि आपण कोणत्या शाखेचे आहोत याविषयी रुग्णाचा गैरसमज होऊ देऊ नये. गैरसमज जाणूनबुजून पोसला, तर ते गैरवर्तन होय. मग तो कोणीही करो.

एक अस्थिभंग आणि चार अर्थ

‘चूक’, ‘निष्काळजीपणा’, ‘गैरवर्तन’ आणि ‘गुन्हा’ हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. शिस्तीच्या विचारात मात्र ते वेगळे ठेवावे लागतात. अभ्यासासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

नऊ वर्षांची, चालता न येणारी, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी आहे. तिला आकडीची औषधे अनेक वर्षे चालू आहेत. गुडघ्याचा व्यायाम देताना तिच्या मांडीचे हाड मोडते. अशा मुलांची हाडे ठिसूळ असतात, हे आपण जाणतोच : वजन न पेलल्यामुळे, काही औषधांच्या परिणामामुळे आणि ड जीवनसत्त्वाच्या अभावामुळे. आता या एकाच घटनेचे चार अर्थ पाहू.

पहिला : उपचारकाने कागदपत्रे वाचली होती, हळुवारपणे, योग्य पद्धतीने व्यायाम दिला, तरीही हाड मोडले. त्याने त्वरित थांबून पालकांना सांगितले, पायाला आधार दिला, रुग्णालयात पाठविले आणि सर्व नोंद केली. हा अपघात आहे. त्यात दुःख आहे, दोष नाही.

दुसरा : उपचारकाने पूर्वेतिहास विचारलाच नाही. मूल रडत असताना ‘थोडे सहन करावे लागते’ म्हणून जोर वाढविला. हा निष्काळजीपणा आहे. त्याची दाद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मागता येते, कारण मोबदला घेऊन दिलेल्या वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात ठरविले आहे.

तिसरा : हाड मोडल्याचे कळूनही उपचारक गप्प राहिला. ‘सूज आहे, बर्फ लावा’ म्हणाला आणि नंतर नोंदवहीत त्या दिवशीची नोंद बदलली. किंवा त्या दिवशी काम करणारा प्रत्यक्षात चार महिन्यांचा कसलासा अभ्यासक्रम केलेला सहायक होता आणि बिल मात्र पदवीधराच्या नावाने निघाले. येथे अस्थिभंग हा मुद्दाच उरत नाही. विश्वासाचा भंग झाला आहे. हे व्यावसायिक गैरवर्तन आहे आणि ते परिषदेपुढे जायला हवे, मग मुलीचा पाय पूर्ण बरा झाला तरीही.

चौथा : जोर मुद्दाम, रागाने लावला गेला, किंवा मुलीशी अश्लाघ्य वर्तन झाले. हा गुन्हा आहे. त्याची जागा पोलीस ठाणे आहे. परिषदेची चौकशी त्याच्या जोडीला चालते, त्याच्याऐवजी नव्हे.

या चार अर्थांत भेद केला नाही, तर दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. अपघात झालेल्या सज्जनाला समाज गुन्हेगार ठरवितो आणि गैरवर्तन करणारा ‘अपघातच होता हो’ म्हणून सुटतो.

एक बाब फिजिओथेरपिस्ट मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाने वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. परंतु ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक’ म्हणजे वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला, अशी व्याख्या तेथे दिली आहे. भौतिकोपचाराची नोंदणी त्या व्याख्येत बसत नाही.

पालशेतचा समुद्रकिनारा आणि बळाची मर्यादा

हाताने लावलेल्या जोराला कायदा कोठे मर्यादा घालतो, हे सांगणारा भारतातील मूलभूत खटला मराठी भूमीवरचा आहे. आपल्या मुलांना तो शिकवावा, इतक्या योग्यतेचा आहे.

६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर आनंद गोडबोले या सुमारे वीस वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याचे वडील स्वतः वैद्यक व्यवसायातले. मुलाला पुण्यास आणले गेले. ९ मे रोजी तेथील एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात हाड बसविण्यासाठी भूल न देता, मदतनिसांकरवी हाताने जोराचा ताण देण्यात आला आणि प्लास्टर घातले गेले. त्याच रात्री मुलगा दगावला. डॉक्टरांच्या मते मृत्यूचे कारण चरबीची गुठळी रक्तात जाणे हे होते. न्यायालयांनी मात्र पुरावा पाहून मृत्यू उपचारातील अतिरेकी बळामुळे बसलेल्या आघाताने झाला असा निष्कर्ष काढला आणि तीन हजार रुपयांची नुकसानभरपाई कायम राहिली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ चा; ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने तो प्रसिद्ध आहे.

पुत्र गमावलेल्या पित्याला पंधरा वर्षांनी मिळालेले तीन हजार रुपये! ती रक्कम आज आपल्याला काहीच वाटणार नाही. परंतु त्या निकालाने उपचारकाची तीन कर्तव्ये कायमची मांडून ठेवली : रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना काळजी घेणे आणि तो उपचार देताना काळजी घेणे. हा खटला शल्यचिकित्सकाचा असला, तरी ज्याचे साधन स्वतःचे हात आहेत अशा प्रत्येकाला तो लागू पडतो. कोपराच्या अस्थिभंगानंतर सांधा मोकळा करण्यासाठी जबरदस्तीने चोळणे आणि ताणणे, त्यातून स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडणे, ही आपल्याकडे आजही दिसणारी गोष्ट आहे. ती गोष्ट पालशेतच्या खटल्याचीच धाकटी बहीण होय.

दुसरा महत्त्वाचा निकाल मुंबईतल्या घटनेवरचा, १९९६ चा : ‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या व्यक्तीने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. ज्या शास्त्राची नोंदणी नाही त्या शास्त्राचा उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा, असे न्यायालयाने ठरविले. फिजिओथेरपिस्टाने स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ नये, आकडीची औषधे बंद करण्याचा सल्ला देऊ नये, हे या तत्त्वावरून सहज उमगते. तत्त्वाची दुसरी धारही आहे : आपणही प्रशिक्षण नसताना आपल्या दवाखान्यात विद्युत्-उपचाराचे यंत्र बसवून ‘फिजिओथेरपी’ची पाटी लावू नये.

गैरवर्तनाचे प्रकार

जगभरातील नियामक संस्थांपुढे येणारी प्रकरणे सर्वसाधारणपणे पुढील गटांत पडतात. आपल्या अनुभवाशीही ती जुळतात.

१. आर्थिक अप्रामाणिकपणा. न दिलेल्या उपचारांचे बिल, गरज संपल्यावरही चालू ठेवलेल्या बैठका, विमा कंपनीसाठी वाढविलेले दिवस. मुलाच्या प्रगतीचे मोजमाप न करता ‘आणखी सहा महिने’ सांगत राहणे हे याच गटात येते.

२. खोटी आशा विकणे. ‘तीन महिन्यांत चालेल’ अशी हमी, यंत्राची भपकेबाज जाहिरात, बऱ्या झालेल्या मुलांची छायाचित्रे. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत पक्षाघाताचा उल्लेख आहे, हे केंद्रचालकांनी विसरू नये.

३. कक्षेबाहेरचा उपचार. निदान न करता थेट उपचार, धोक्याची लक्षणे न ओळखणे, संवेदना नसलेल्या त्वचेवर उष्णता देणे. मेनिंगोमायलोसीलच्या मुलाला चटका बसल्याचे कळतसुद्धा नाही. फोड आल्यावर आईला कळते.

४. नोंदींचा अभाव किंवा खाडाखोड. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे न्यायालय मानू शकते.

५. संमतीशिवाय उपचार. काय करणार, का करणार, धोके कोणते, पर्याय कोणते, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे आवश्यक आहे; २००८ च्या समीरा कोहली खटल्याने हे पक्के केले.

६. सीमेचे उल्लंघन. रुग्णाशी अनुचित जवळीक, अश्लील बोलणे, लैंगिक अत्याचार. संख्येने हा गट लहान असेल. परिणामाने सर्वांत भयंकर आहे. अमेरिकेत जिम्नॅस्टिक संघाच्या एका डॉक्टरने उपचाराच्या नावाखाली शेकडो मुलींवर वर्षानुवर्षे अत्याचार केले. २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली. मुलींनी आधी तक्रारी केल्या होत्या; मोठ्यांनी ‘हाच उपचार असतो’ म्हणून त्या गुंडाळून ठेवल्या. हे वाक्य आपल्या तोंडून कधी निघू नये.

आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याने केलेला, तसेच मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार हा अधिक गंभीर गुन्हा मानला जातो. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे आणि न कळविल्यास शिक्षा आहे. ‘केंद्राची बदनामी होईल’, ‘मुलीचे नाव बाहेर येईल’ ही कारणे कायद्याला मान्य नाहीत. मुलाची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

चौकशी कशी असावी

शिस्तीचा उद्देश सूड घेणे हा नसून पुढच्या रुग्णाचे रक्षण करणे हा आहे. म्हणून तक्रार लेखी असावी, दिनांकवार असावी, बिले आणि उपचारपत्रे जोडलेली असावीत. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिची प्रत मिळावी, बाजू मांडण्याची संधी मिळावी, निर्णय कारणांसह लिहिलेला असावा आणि अपिलाची वाट असावी. समज देणे, अधिक प्रशिक्षण सांगणे, काही काळ नोंदणी स्थगित करणे आणि शेवटी नाव काढून टाकणे, अशी शिक्षेची चढती पायरी असते. चूक आणि शिक्षा यांचे प्रमाण राखले नाही, तर परिषदेवरचा विश्वासच उडतो.

अमेरिकेत १९९० पासून अशा कारवायांची राष्ट्रीय माहितीपेढी आहे. एका राज्यात नाव कमी झालेला माणूस दुसऱ्या राज्यात पाटी लावू गेला, तर तेथील मंडळाला ते कळते. आपल्या २०२१ च्या कायद्यात केंद्रीय नोंदवहीची तरतूद आहे ती याच कारणाने मोलाची. नागपुरात निलंबित झालेला उपचारक भोपाळमध्ये नव्या नावाने केंद्र उघडू शकणार नाही, अशी व्यवस्था प्रत्यक्षात आली तर ती या कायद्याची सर्वांत मोठी देणगी ठरेल.

आपली, म्हणजे डॉक्टरांची, जबाबदारी

दुसऱ्या व्यवसायाच्या शिस्तीवर लिहिताना आपला आरसा बाजूला ठेवणे योग्य नव्हे. भौतिकोपचारातील पुष्कळ गैरप्रकारांचे मूळ आपल्या चिठ्ठीत असते.

आपण ‘फिजिओथेरपी ॲडव्हाइज्ड’ असे दोन शब्द लिहून मूल पाठवितो. निदान लिहीत नाही, हाडांची स्थिती लिहीत नाही, काय करू नये ते लिहीत नाही. मग समोरचा अंदाजाने काम करतो. श्वासनलिकेच्या साध्या विषाणुजन्य दाहात, ब्रॉन्किओलायटिसमध्ये, छातीच्या फिजिओथेरपीचा नेहमी उपयोग होत नाही हे ठाऊक असूनही रुग्णालयाच्या बिलात ती दिसते; ती कोणाच्या सहीने दिसते?

त्याहून अवघड विषय दलालीचा. रुग्ण पाठविल्याबद्दल टक्केवारी घेणे किंवा देणे हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार आपल्यासाठीच गैरवर्तन आहे. तीस बैठकांच्या उपचारात दहा बैठका दलाली भरून काढण्यासाठी असतील, तर त्या दहा बैठकांतील मुलाचा प्रत्येक हुंदका आपल्या खात्यावर जमा होतो. प्रशिक्षण नसलेल्या सहायकाकडून उपचार करवून घेऊ नयेत आणि व्यवसायातील अनाचार निर्भयपणे उघड करावा, हेही त्याच नियमांत सांगितले आहे. फिजिओथेरपिस्टाला शिस्त लावण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने प्रथम त्याच्याकडून पाकीट घेणे बंद करावे.

आपल्या सभासदांपुढे पाच साध्या गोष्टी ठेवतो. पाठवणीच्या पत्रात निदान, सावधगिरी आणि अपेक्षित ध्येय लिहावे. ज्याच्याकडे पाठवितो त्याचा नोंदणी क्रमांक आपल्या वहीत असावा. सहा ते आठ आठवड्यांनी प्रगतीचा लेखी अहवाल मागवावा. मूल केंद्रात जायला अचानक नकार देऊ लागले, अंगावर न उलगडणारे वळ दिसले, तर त्याला एकट्याने, शांतपणे बोलते करावे आणि कर्तव्य ओळखून पुढची पावले उचलावीत. आणि फिजिओथेरपिस्टाने आपल्या निदानावर शंका घेतली, तर ती मानाने ऐकावी. अतिश्रमाच्या व्यायामाने स्नायू अधिक दुबळे होत आहेत हे स्नायुक्षयाच्या मुलात कित्येकदा त्याच्याच प्रथम लक्षात येते.

पालकांसाठी

समाजातील माता-पित्यांना विनंती, की पुढील प्रश्न संकोच न करता विचारावेत. चांगला उपचारक अशा प्रश्नांनी दुखावत नाही.

• आपली पदवी कोणती, नोंदणी कोणत्या परिषदेची, क्रमांक काय?
• माझ्या मुलाला आज प्रत्यक्ष हात कोण लावणार आहे?
• उपचाराचे ध्येय काय आणि ते साधले की नाही हे कसे मोजणार?
• मी खोलीत थांबू शकते का? (या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर मिळाले, तर कारण विचारावे, पटले नाही तर मुलाला घेऊन घरी यावे.)
• घरी काय करायचे ते मला शिकवाल का?

प्रत्येक वेळची पावती घ्यावी. दुखणे आणि छळ यांतील फरक ओळखावा : व्यायामानंतर थोडे अंग दुखणे स्वाभाविक आहे, दुसऱ्या दिवशीही सूज, ताप, पाय हलवू न देणे हे स्वाभाविक नाही. मुलाच्या सुरक्षिततेविषयी शंका असेल तर १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक लक्षात ठेवावा. मराठी घरांत ‘कशाला कटकट, दुसरीकडे जाऊ’ म्हणून गप्प बसण्याची रीत आहे. आपण दुसरीकडे जातो. परंतु आपल्या जागी दुसऱ्याचे मूल त्याच टेबलावर झोपते.

समारोप

परवाना हा कागद नव्हे. समाजाने एका माणसाला दुसऱ्याच्या देहाला हात लावण्याची दिलेली परवानगी आहे आणि ती अटींवर दिलेली आहे. अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम परिषदेचे, न्यायालयाचे आणि पोलिसांचे आहे. परंतु त्यांच्यापर्यंत गोष्ट नेण्याचे काम आपले. आपल्या संस्थेने महाराणा प्रताप नगर परिसरातील नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टांना बोलावून एक संयुक्त बैठक घ्यावी, पाठवणीच्या पत्राचा एक समान नमुना ठरवावा आणि दलालीमुक्त पाठवणीची शपथ दोन्ही बाजूंनी एकाच कागदावर घ्यावी, अशी सूचना करून हा लेख पूर्ण करतो.